सीटीसी ३५,००० म्हणजे हातात किती? निपाणीच्या एका भावासाठी पगाराचा हिशेब

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणी तालुक्यातील आपल्या धाकट्या भावाने मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला असून त्याच्यासमोर दोन नोकऱ्या आहेत. एक बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात, वार्षिक सीटीसी (‘कॉस्ट टू कंपनी’, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च) ४,२०,००० रुपये. दुसरी महाराष्ट्रातील कागलच्या औद्योगिक वसाहतीत, वार्षिक सीटीसी ३,८४,००० रुपये. घराच्या दुरुस्तीसाठी पतसंस्थेकडून कर्ज घ्यायचे असल्याने दरमहा प्रत्यक्ष हातात किती रक्कम येईल आणि त्यावर ८,००० रुपयांचा हप्ता झेपेल का, हे आपल्याला ठरवायचे आहे. आपण ४,२०,००० ला बाराने भागून ३५,००० काढले, त्यातून पीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) १२ टक्के वजा केले आणि ३०,८०० हा आकडा धरला. हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ पाच हजारांनी जास्त आहे. आपण पाठविलेल्या तपशिलावरून माझा हिशेब असा येतो की बेळगावच्या नोकरीत कायदेशीर कपातीनंतर दरमहा २६,००० रुपये आणि कागलच्या नोकरीत २६,५०० रुपये हातात येतील. म्हणजे ज्या नोकरीचा वार्षिक आकडा ३६,००० ने कमी आहे, तिचा मासिक पगार पाचशेने अधिक आहे.

बेळगाव आणि आसपासच्या लहान-मध्यम कारखान्यांची पगारपत्रके तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे, आणि नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलांची पहिल्या पगाराच्या दिवशी होणारी निराशा बहुतेक वेळा याच एका कारणाने होते, असे माझे निरीक्षण आहे. सीटीसी हा कामगाराचा पगार नसून त्या कामगारापोटी कंपनीला वर्षभरात पडणारा एकूण खर्च असतो. त्यात दरमहा मिळणारा पगार असतो, वर्षातून एकदा मिळणारी रक्कम असते, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम असते आणि कामगाराच्या हातात कधीच न येणारी रक्कमही असते. म्हणून हिशेब सीटीसीपासून खाली न आणता दरमहाच्या एकूण पगारापासून, म्हणजे पगारपत्रकावर ‘ग्रॉस’ म्हणून दाखविल्या जाणाऱ्या आकड्यापासून सुरू करावा.

बेळगावच्या पत्रातील ३५,००० ची फोड पाहू. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १६,०००, घरभाडे भत्ता ६,४०० आणि विशेष भत्ता ५,६००, असे २८,००० रुपये दरमहा पगार म्हणून आहेत. उरलेल्या ७,००० पैकी १,८०० हा कंपनीने भरावयाचा पीएफचा वाटा आहे आणि १५० रुपये पीएफ खात्याशी जोडलेला विमा व प्रशासकीय खर्च यांपोटी आहेत, जे कंपनीने भरायचे असतात आणि कामगाराच्या खात्यात जमाही होत नाहीत. ग्रॅच्युइटीपोटी ७७० रुपये धरले आहेत. मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के हे त्यामागचे सूत्र, कारण पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला २६ दिवसांच्या महिन्यातील १५ दिवसांचे वेतन ग्रॅच्युइटी म्हणून देय होते. कायम कामगाराला ती साधारणतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. त्याआधी नोकरी सोडल्यास सीटीसीमध्ये दाखविलेले हे पैसे त्याचे होत नाहीत. बोनसचे दरमहा १,३३३ धरले आहेत आणि ते वर्षातून एकदा मिळतील. गटविम्याचा हप्ता ४४७ रुपये आहे. शेवटचे २,५०० रुपये म्हणजे वर्षाला ३०,००० ‘कामगिरीनुसार प्रोत्साहन’ म्हणून लिहिले आहेत, आणि आपण पाठविलेल्या पत्रात ते कोणत्या निकषावर आणि केव्हा मिळणार याचा उल्लेख नाही. असा उल्लेख नसलेली रक्कम घरखर्चाच्या हिशेबात शून्य धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता २८,००० मधून होणारी कपात. आमच्या भागातील बहुसंख्य कामगारांच्या बाबतीत ही कपात १५,०००, २१,००० आणि २५,००० या तीन मर्यादांवरून ठरते. पहिली पीएफची, दुसरी ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) आणि तिसरी कर्नाटकातील व्यवसाय कराची (प्रोफेशनल टॅक्सची). पगार यांतील कोणत्या मर्यादेच्या अलीकडे आहे आणि कोणत्या मर्यादेच्या पलीकडे, हे कळले की अंदाज पाच-पंचवीस रुपयांच्या फरकाने बरोबर येतो.

पीएफमध्ये कामगाराचा वाटा मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के असतो. घरभाडे भत्ता त्यात धरला जात नाही. मात्र सप्टेंबर २०१४ पासून सक्तीच्या वर्गणीसाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे. म्हणून मूळ वेतन त्याहून जास्त असले तरी कंपनी १५,००० वरच, म्हणजे १,८०० रुपये, कपात करू शकते. आणि कंपनी व कामगार दोघांची तयारी असेल तर पूर्ण मूळ वेतनावरही करता येते. आपल्या भावाच्या बाबतीत फरक किरकोळ आहे, कारण १६,००० च्या १२ टक्के म्हणजे १,९२० होतात. परंतु मूळ वेतन ४०,००० असलेल्या अभियंत्याच्या बाबतीत एका पद्धतीने १,८०० आणि दुसऱ्या पद्धतीने ४,८०० कापले जातात, आणि दोन्ही कायदेशीर असतात. त्यामुळे ‘तुमच्याकडे पीएफ मर्यादेवर कापतात की पूर्ण मूळ वेतनावर’ हा प्रश्न नोकरी स्वीकारण्यापूर्वीच विचारावा. बेळगावच्या पत्रात कंपनीचा वाटा १,८०० लिहिला आहे, त्यावरून येथे मर्यादेवर कपात होते असे दिसते.

मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून बाकीची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत विभागण्याची पद्धत पूर्वी फार होती, आणि त्यामुळे पीएफ कमी कापला जाऊन हातात थोडे जास्त येत असे. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात दिलेल्या निकालानंतर सर्व कामगारांना सरसकट दिला जाणारा विशेष भत्ताही पीएफसाठी वेतनातच धरावा लागतो. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने वेतनाची व्याख्या करताना असे ठरविले की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच मोडतो. आपल्या भावाचे मूळ वेतन २८,००० पैकी १६,००० म्हणजे निम्म्याहून जास्त आहे आणि पीएफची मर्यादाही ओलांडलेली आहे, त्यामुळे या दोन्ही गोष्टींनी त्याच्या मासिक रकमेत बदल होत नाही. ज्यांचे मूळ वेतन ९,००० आणि विशेष भत्ता ६,००० अशी मांडणी आहे, त्यांच्या बाबतीत मात्र कपात १,०८० ऐवजी १,८०० व्हायला हवी, म्हणजे हातात ७२० रुपये कमी येतील. ते पैसे कुठे जात नाहीत, कंपनीच्या तेवढ्याच वाट्यासह खात्यात साठतात.

यातच आणखी एक बाब सांगणे आवश्यक आहे. नोकरीला लागताना ज्याचे पीएफसाठीचे वेतन १५,००० हून अधिक आहे आणि जो यापूर्वी कधीही पीएफचा सभासद नव्हता, त्याला पीएफ सक्तीचा नाही; रुजू होताना भरावयाच्या अकरा नंबरच्या फॉर्ममध्ये तशी नोंद करता येते. दरमहा १,८०० जास्त हातात येतील या मोहाने काही मुले तसे लिहून देतात. माझा सल्ला याच्या विरुद्ध आहे. एक तर कंपनी आपला वाटा रोख देईलच असे नाही, आणि दुसरे म्हणजे २०२४-२५ या वर्षासाठी ८.२५ टक्के व्याज मिळालेली, शिवाय विम्याची जोड असलेली बचत केवळ महिन्याच्या आकड्यासाठी सोडून देण्यात शहाणपण नाही. भावाने आधी कुठे काम केले असेल आणि तेथे त्याचा युएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) निघाला असेल, तर हा पर्याय त्याला उपलब्धच नाही.

ईएसआयची कपात आपल्या भावाला लागू होणार नाही, कारण त्याचा एकूण पगार २१,००० च्या वर आहे. तरीही या मर्यादेविषयी विस्ताराने लिहितो, कारण उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांतील फौंड्री आणि मशीन शॉपमधील अनेक कामगार नेमके याच मर्यादेच्या आसपास असतात. ईएसआयमध्ये १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी तो पीएफप्रमाणे केवळ मूळ वेतनावर नसून जवळजवळ संपूर्ण पगारावर आकारला जात असे. ओव्हरटाइमचा नियमही तेव्हा वेगळा होता. कामगार योजनेत बसतो की नाही हे ठरविताना ओव्हरटाइम धरला जात नसे. पण एकदा तो योजनेत असला की वर्गणी ओव्हरटाइमसह आकारली जात असे. म्हणजे २०,५०० पगार आणि ३,००० ओव्हरटाइम असलेल्या कामगाराची कपात २३,५०० वर होत असे: १७६.२५, आणि रक्कम पुढच्या रुपयापर्यंत नेण्याचा नियम असल्याने १७७ रुपये. ‘माझा पगार २३,००० च्या वर गेला तरी ईएसआय का कापला’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर हेच होते.

पगारवाढीने २१,००० ची मर्यादा ओलांडली तरी कपात लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात आणि कालखंडाच्या सुरुवातीला योजनेत असलेला कामगार तो कालखंड संपेपर्यंत योजनेतच राहतो. मे महिन्यात पगार २०,८०० वरून २१,६०० झाला तर ईएसआय ३० सप्टेंबरपर्यंत कापला जाईल. त्यानंतर कपात थांबून हातात दीडशे-पावणेदोनशे रुपये जास्त येतील, आणि पगारपत्रकावर ती वाढ दिसेल. परंतु त्याच वेळी कुटुंबाचे वैद्यकीय संरक्षण आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळणारा लाभ हळूहळू संपुष्टात येतो. ज्याच्या घरी वृद्ध आई-वडील त्याच्यावर अवलंबून आहेत आणि बेळगावच्या ईएसआय रुग्णालयात ज्यांचे उपचार चालू आहेत, त्याने २१,००० ओलांडणारी लहानशी वाढ स्वीकारताना बाहेरून आरोग्यविमा घेण्याचा खर्च त्या वाढीतून वजा करून पाहावा. अनेकदा ती वाढ उरत नाही. अशा वेळी कंपनीकडे गटविम्यात आई-वडिलांचा समावेश मागणे हा सर्वांत व्यवहार्य मार्ग असतो.

तिसरी मर्यादा व्यवसाय कराची. आपल्या सीमाभागात तिला विशेष महत्त्व आहे, कारण हा कर राज्याचा आहे आणि तो माणूस कुठे राहतो यावर नव्हे तर कुठे नोकरी करतो यावर ठरतो. कर्नाटकात १ एप्रिल २०२३ पासून मासिक पगार २५,००० हून कमी असेल तर व्यवसाय कर नाही. २५,००० किंवा त्याहून अधिक असेल तर दरमहा २०० रुपये, आणि एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारीच्या पगारातून २०० ऐवजी ३००, म्हणजे वर्षाला एकूण २,५००. महाराष्ट्रात वर्षाची कमाल रक्कम तेवढीच आणि फेब्रुवारीचा नियमही तोच आहे, पण पायरी फार खाली सुरू होते: पुरुष कामगाराला ७,५०० पर्यंत कर नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत दरमहा १७५ आणि १०,००० च्या वर २००; स्त्री कामगाराला मात्र २५,००० पर्यंत सूट आहे. याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो की निपाणीत राहणारा आणि १८,००० पगार असलेला तरुण निपाणीतच नोकरी करीत असेल तर त्याचा व्यवसाय कर शून्य असतो, आणि तोच तरुण रोज कागलला जात असेल तर त्याच पगारावर वर्षाला २,५०० रुपये जातात. त्याच्या बहिणीला त्याच कागलच्या कारखान्यात तेवढाच पगार असेल तर तिचे काहीही कापले जाणार नाही. महाराष्ट्रातील चंदगडहून बेळगावला कामासाठी येणाऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट घडते. आपल्या भावाचा पगार दोन्ही ठिकाणी २५,००० च्या वर असल्याने त्याला दोन्हीकडे सारखाच कर पडेल.

२५,००० च्या अगदी काठावर असलेल्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी: पगार २४,९०० वरून २५,१०० झाला तर वाढलेले २०० रुपये व्यवसाय करातच जातात. वाढीची बोलणी करताना ही सीमा ध्यानात ठेवून थोडी अधिक मागणी करणे योग्य ठरते.

कामगार कल्याण निधीची कपात इतकी लहान आहे की तिच्यासाठी एकच वाक्य पुरे: तो लागू असलेल्या आस्थापनांत कर्नाटकात वर्षातून एकदा, डिसेंबरच्या पगारातून, ५० रुपये आणि महाराष्ट्रात जून व डिसेंबरमध्ये प्रत्येकी २५ रुपये जातात.

प्राप्तिकराच्या भीतीने आपण बरेच प्रश्न विचारले आहेत, परंतु या पगारावर प्राप्तिकर शून्य आहे. बोनस आणि पूर्ण प्रोत्साहन रक्कम धरूनही भावाचे वर्षाचे उत्पन्न सुमारे ३,८२,००० होते. नव्या कररचनेत त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते आणि उरलेली रक्कम ४,००,००० च्या करमुक्त टप्प्याच्या आतच राहते. २०२५-२६ च्या दरांनुसार नव्या रचनेत करपात्र उत्पन्न १२,००,००० पर्यंत असेल तर सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही, म्हणजे नोकरदाराला १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर करकपात होऊ नये. पॅन मात्र कंपनीला पहिल्याच दिवशी द्यावा, कारण करकपातीस पात्र उत्पन्न असताना पॅन नसल्यास २० टक्के दराने कपात होऊ शकते.

अधिक पगार असलेल्या वाचकांसाठी एक उदाहरण देतो. बेळगावात राहून सॉफ्टवेअर कंपनीचे काम करणाऱ्याचा दरमहा एकूण पगार १,२०,००० असेल तर वर्षाचे १४,४०,००० आणि वजावटीनंतर १३,६५,००० होतात. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५०, असे ८४,७५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून ८८,१४०, म्हणजे दरमहा ७,३४५. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेले तर संपूर्ण ६०,००० चा भार एकदम पडत नाही; १२,१०,००० असल्यास कर वरच्या १०,००० पुरताच मर्यादित राहतो आणि उपकरासह १०,४०० होतो. जुनी रचना निवडणाऱ्यांना घरभाड्याची सूट मिळते, पण बेळगावसाठी ती मोजताना वेतनाच्या ४० टक्क्यांची मर्यादा आहे, ५० टक्क्यांची नाही. आणि गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत तर वर्षाचा थकलेला कर जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतच कापला जातो. त्या तिमाहीत पगार निम्म्यावर आलेला पाहून घाबरून फोन करणारे लोक दरवर्षी असतात. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्याने जुन्या ठिकाणच्या पगाराचा तपशील नव्या कार्यालयाला द्यावा, नाहीतर दोन्हीकडे तीच वजावट आणि तीच सवलत धरली जाते आणि विवरणपत्र भरताना एकरकमी कर भरावा लागतो.

सरकारी आणि अनुदानित शाळांतील शिक्षकांचा हिशेब निराळा असतो. तेथे वर सांगितलेले पीएफ आणि ईएसआय नसतात. १ एप्रिल २००६ नंतर कर्नाटक शासनाच्या सेवेत आलेल्यांना एनपीएसचे (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे) मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के आणि केजीआयडीचा (कर्नाटक शासनाच्या विमा विभागाचा) सक्तीचा विमाहप्ता धरावा लागतो. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

आता भावाच्या पगारपत्रकाकडे परत येऊ. २८,००० मधून पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा केले की २६,००० उरतात. फेब्रुवारीत २५,९०० आणि डिसेंबरमध्ये २५,९५०. याशिवाय कंपनी कँटीनचे ६०० कापणार आहे, त्यामुळे बँकेत २५,४०० जमा होतील. कागलमध्ये मूळ वेतन १५,००० आणि एकूण पगार २८,५०० आहे. १,८०० आणि २०० वजा जाता २६,५०० उरतात, आणि कंपनीच्या बसचे ७०० व कँटीनचे ५०० कापल्यावर २५,३०० जमा होतील. तेथील सीटीसी कमी दिसते याचे कारण एवढेच की त्या कंपनीने बोनस सीटीसीच्या बाहेर ठेवला आहे आणि प्रोत्साहनाची रक्कम दाखविलेलीच नाही. खात्यात जमा होणारी रक्कम दोन्हीकडे जवळजवळ सारखी असली तरी बेळगावला खोलीचे भाडे आणि खानावळ स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल, आणि निपाणीहून कागलला रोज घरून जाता येते. केवळ पैशाचा विचार केला तर कागलची नोकरी उजवी ठरते. बेळगावच्या कारखान्यात शिकायला अधिक मिळणार असेल तर तो स्वतंत्र आणि तितकाच महत्त्वाचा विचार आहे, पण तो करताना ३५,००० हा आकडा मनातून काढून टाकावा.

यापुढची बाब रजेची. नव्या कामगाराच्या खात्यावर पहिले काही महिने रजा साठलेली नसते, आणि आपल्याकडे गावची लक्ष्मी यात्रा, निपाणीचा उरूस, घरची ऊसतोड, गणपती यांपैकी काहीतरी त्या महिन्यांत येतेच. बिनपगारी दोन दिवस पडले तर किती कापले जाईल हे कंपनी महिना ३० दिवसांचा धरते की २६ दिवसांचा यावर अवलंबून असते. २८,००० ला ३० ने भागल्यास दोन दिवसांचे १,८६७ जातात, २६ ने भागल्यास २,१५४. पहिल्या पद्धतीने त्या महिन्यात मिळालेले मूळ वेतन १४,९३३ होते, पण विशेष भत्ता धरून पीएफसाठीचे वेतन १५,००० च्या वरच राहते, म्हणून पीएफ १,८०० च कापला जातो. व्यवसाय कर २०० राहतो, कारण पगार २६,१३३ आहे. हातात येतात २४,१३३, आणि कँटीन वजा जाता २३,५३३. रुजू होण्याचा पहिला महिना अर्धवट असतो, त्याचा हिशेबही याच रीतीने दिवसांच्या प्रमाणात करावा. त्या महिन्याचा पगार २५,००० खाली राहिला तर बहुतेक कार्यालये व्यवसाय कर कापत नाहीत.

आपण ज्या पतसंस्थेकडून कर्ज घेणार आहात ती हप्ता थेट पगारातून वळता करण्याचे पत्र मागेल. आमच्या भागात ही पद्धत रूढ आहे आणि तिच्यात गैर काही नाही, परंतु त्या पत्रावर सही केल्यानंतर कपात आपल्या इच्छेवर राहत नाही. कारखान्याकडून घेतलेली उचल, सोसायटीचा हप्ता, कँटीन आणि पीएफ यांची बेरीज वाढत जाते. वेतन संहितेप्रमाणे एका महिन्याची एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांहून अधिक करता येत नाही, पण त्या मर्यादेच्या जवळ जाण्याइतके कर्ज घेऊच नये. ८,००० च्या हप्त्याचा विचार करताना २६,००० नव्हे, तर बिनपगारी दोन दिवस पडलेल्या महिन्याचे २३,५३३ धरावेत. त्यातून हप्ता वजा जाता १५,५३३ उरतात. बेळगावला खोली, खानावळ आणि गावी येण्या-जाण्याचा खर्च त्यातून भागवून घरी काही पाठविणे अवघड जाईल, म्हणून त्या नोकरीत हप्ता ६,००० च्या वर नेऊ नये असे मी सुचवेन. कागलला घरून जाणार असल्यास ८,००० झेपतील. बोनस हाती येईल तेव्हा तो मुद्दलात भरावा. हप्त्याच्या गणितात तो धरू नये.

दोन्ही कंपन्यांना होकार कळविण्यापूर्वी भावाने ईमेलने चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: दरमहाच्या एकूण पगाराची भत्तेनिहाय फोड, पीएफ कोणत्या रकमेवर कापणार, बिनपगारी रजेसाठी भागाकार कितीचा, आणि कँटीन, बस, गणवेश यांसारखी दरमहाची इतर कपात. मनुष्यबळ विभागातील कोणीही हे पाच मिनिटांत सांगू शकते, आणि जो सांगण्याची टाळाटाळ करतो त्याच्याविषयी सावध राहावे. नोकरी ठेकेदारामार्फत असेल तर पाचवा प्रश्न विचारावा: पीएफचा मालकाचा वाटा ठरलेल्या मासिक पगारातून तर कापला जाणार नाही ना. सीटीसीमध्ये तो दाखविणे ही आता सर्वत्र चालणारी रीत आहे, पण पगारपत्रकावरील एकूण पगारातून १,८०० च्या जागी ३,६०० वजा करणे पीएफ योजनेच्या नियमांत बसत नाही, आणि ठेकेदारी कामात असे प्रकार मी पाहिले आहेत. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा करावयाची असते. म्हणून दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस भावाने उमंग या सरकारी ॲपवर आपले पीएफचे पासबुक उघडून त्यात स्वतःच्या आणि कंपनीच्या वाट्याची नोंद आली आहे का ते पाहावे, आणि आली नसेल तर त्याच आठवड्यात कंपनीकडे लेखी विचारणा करावी.